परसबागेत घरातलं कोणी बसतच नाही, काय करावं?

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. साताऱ्यात बैठं घर आहे. मागे पश्चिमेला ३० बाय २० फुटांची मोकळी जागा. दोन वर्षांपूर्वी तिथं लॉन करून घेतला, मधोमध सिमेंटचं कारंजं, कडेने सत्तरएक कुंड्या, एक लोखंडी बाक. येणारे-जाणारे कौतुक करतात, पण घरातलं कोणी दहा मिनिटंही तिथं टेकत नाही. संध्याकाळी सगळे पुन्हा हॉलमध्येच. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, मुलगा शाळकरी. 'कोणती झाडं लावली म्हणजे तिथं शांत, निवांत वाटेल?' असं ताईंनी विचारलंय.

ताई, झाडांची नावं पुढे सांगतोच, पण सुरुवात झाडांपासून करू नका, बसण्यापासून करा. पुणे, सातारा, वाई, कोल्हापूर या पट्ट्यात मी बरीच वर्षं घरगुती बागा करतोय आणि तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणारे लोक कमी नाहीत. त्यांच्या बागांमध्ये सहसा झाडांची उणीव नसते. बाग आखताना ती खिडकीतून किंवा फाटकातून कशी दिसेल याचाच विचार झालेला असतो. मध्ये हिरवळ, कडेला रांगेत झाडं, आणि सगळं झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात बाक. निवांत बसायची बाग उलट्या क्रमाने आखावी लागते. माणूस नेमका कुठे बसणार, त्याच्या पाठीशी काय असेल, ऊन कुठून येईल, समोर काय दिसेल, हे आधी. झाडं त्याच्या भोवती.

म्हणून पहिलं काम बिनखर्चाचं आहे. घरातली एक हलकी प्लास्टिकची खुर्ची उचला आणि सुट्टीच्या दिवशी त्या जागेत चार-पाच ठिकाणी ठेवून बसून बघा. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी चारला, दिवेलागणीला आणि रात्री जेवणानंतर. प्रत्येक ठिकाणी निदान पाच मिनिटं. चेहऱ्यावर ऊन येतं का, वारा लागतो का, शेजारच्या इमारतीतली कुठली खिडकी थेट आपल्याकडे बघते, रस्त्याचा आवाज कुठे जास्त आणि कुठे कमी, स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टचा वास कुठवर येतो, हे सगळं उभं राहून कळत नाही, बसल्यावरच कळतं. उभ्या माणसाची नजर पाच फुटांवर असते, बसलेल्याची साडेतीन ते चार फुटांवर. बागेतलं सगळं याच उंचीवरून पाहायचं आहे. सासूबाईंनाही बसवा, त्यांना कुठली जागा आवडते ते विचारा. म्हातारी माणसं बरोबर जागा हेरतात, कारण त्यांना वाऱ्याची झुळूक आणि पाठीचा आधार या दोन्ही गोष्टींची गरज जास्त असते.

पाठीचं विशेष सांगतो. लॉनच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेला माणूस स्वस्थ होत नाही. मागून कोणी येईल, कोणी बघत असेल असं आतून वाटत राहतं. कंपाउंडची भिंत, दाट कुंपण, झाडाचा बुंधा, काहीतरी पाठीशी हवं आणि समोर जमेल तितकी लांब नजर जायला हवी. तुमच्या जागेत समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर छत्तीस फूट भरतं. बसायची जागा एका कोपऱ्यात आणि तोंड समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे केलं की तीच जागा मोठी वाटते. भिंतीला समांतर बाक टाकला की समोर वीस फुटांवर दुसरी भिंतच दिसते. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलंय. कधी गेलात तर तिथली वाट बघा. ती सरळ जात नाही, वळते, आणि पुढचं सगळं एकदम दाखवत नाही. उंचवट्यामागे, झुडपामागे काहीतरी राखून ठेवलेलं असतं. सहाशे चौरस फुटांतही हे जमतं. मध्यावर, जरा एका बाजूला, छातीइतक्या उंचीचा तगरीचा किंवा कुंतीचा एक दाट घोळका केला की पलीकडचा कोपरा अर्धा झाकला जातो आणि नजर तिथं रेंगाळते.

आता ऊन. तुमची जागा पश्चिमेला आहे आणि कोणी न बसण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच आहे. मार्च ते मे या काळात दुपारी तीनपासून ऊन तिरपं, थेट तोंडावर येतं. वर छत केलं तरी ते अडत नाही, कारण ते बाजूने येतं. शिवाय घराची पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि सूर्य मावळल्यावरही बराच वेळ उष्णता बाहेर टाकत राहते. त्या भिंतीला टेकवलेल्या बाकावर एप्रिलमध्ये रात्री आठलासुद्धा बसवत नाही. त्यातून बाक लोखंडी.

सावलीचं झाड कुठे लावायचं, इथं बहुतेकांचं गणित चुकतं. लोक ते बाकाच्या अगदी डोक्यावर लावतात. आपल्याकडे मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो, तेव्हा सावली झाडाखालीच गोळा झालेली असते, पण त्या वेळी बागेत बसतंय कोण? आपण बसतो पाचनंतर, आणि पाचला सावली लांब पूर्वेकडे पडलेली असते. शिवाय उन्हाळ्यात सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणून झाड वायव्येच्या अंगाला, कंपाउंडपासून पाच-सहा फूट आत लावा आणि बसायची जागा त्याच्या आग्नेयेला आठ-दहा फुटांवर ठेवा. संध्याकाळभर तिथं सावली मिळेल.

झाड कुठलं? तुमच्या जागेत मी तामण लावेन. हे आपलं राज्यफूल. आकार घरच्या बागेत मावण्यासारखा, मुळं घराच्या पायाला त्रास देणारी नाहीत. मुख्य म्हणजे हिवाळ्यात ते पानं गाळतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सासूबाईंना कोवळं ऊन मिळतं, आणि कडक उन्हाळा येईस्तोवर नवी पालवी फुटून सावली तयार असते. एप्रिल-मेमध्ये जांभळ्या फुलांनी भरलं की दुसऱ्या कुठल्याही सजावटीची गरज राहत नाही. त्याला पाणी आवडतं, तेवढं सांभाळावं लागतं. बारमाही हिरवं हवं असेल तर बकुळ. सावली गर्द, फुलांचा वास मंद आणि फुलं वाळली तरी टिकणारा. पण ती सावकाश वाढते, धीर हवा.

टाळायची झाडंही सांगतो. गुलमोहर दिसतो सुंदर, पण वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या पटकन मोडतात, त्याखाली बसायची जागा करू नये. बहावा मला अतिशय प्रिय, पण ऐन उन्हाळ्यात तो पानं गाळून फुलतो, म्हणजे सावली पाहिजे तेव्हाच नसते. तो लांब, समोर दिसेल असा लावावा. शेवगा परसात हवाच, पण पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंट पुंजक्याने बसतात आणि अंगाला लागले की आग होते, तेव्हा तो बसण्यापासून लांबच्या टोकाला. पिंपळ, उंबर, वड घराला लागून नकोत. नारळाखाली कोणालाच बसवू नका.

झाड मोठं व्हायला तीन-चार वर्षं जातील. तोवर जाड बांबूचा साधा मांडव करा, आठ बाय दहाचा पुरे, आणि त्याच्या पश्चिमेच्या बाजूवर मधुमालती चढवा. ती भराभर वाढते. तिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी होतात, मग लाल, आणि एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. एप्रिल-मेपुरते त्याच बाजूला वाळ्याचे पडदे सोडा आणि चारच्या सुमारास त्यांवर पाणी मारा. त्या ओल्या वाळ्यातून आलेल्या झुळुकीपुढे बाकीचे उपाय फिके आहेत. मांडवावर प्लास्टिकचा किंवा लोखंडी पत्रा मात्र घालू नका. उन्हाळ्यात खाली भट्टी होते आणि पावसात इतका आवाज होतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. पावसात बसायची हौस असेल, आणि ती असावीच, तर मांडवाच्या अर्ध्या भागावर मंगलोरी कौलं घाला.

आता पायाखालचं. लॉनबद्दल कदाचित वाईट वाटेल, पण निम्म्याहून जास्त काढा. हिरवळीला दिवसातले पाच-सहा तास सरळ ऊन लागतं, म्हणजे झाडाची सावली वाढेल तसा लॉन विरळ होत जाणार. भर उन्हाळ्यात एका चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. तुमचा लॉन चारशे चौरस फूट धरला तर रोज दीडशे लिटरच्या पुढे. शिवाय कापणी, तण, वाळवी. मुलाला लोळायला-खेळायला उन्हातला एक दहा बाय बाराचा तुकडा राखा, त्याचीही बाग आहे. बाकी जागेत मुरूम चोपून घ्या आणि चालायच्या वाटेवर खरखरीत, न घासलेली शहाबादी फरशी बसवा. चकचकीत टाइल्स मुळीच नकोत. साताऱ्याच्या पावसात जूनअखेर सगळीकडे शेवाळ धरतं आणि सासूबाईंच्या वयात पाय घसरणं परवडत नाही. वाट निदान तीन फूट रुंद, मध्ये पायरी नाही, फरशीचा उतार घरापासून लांब, दर दहा फुटांना दीड-दोन इंच. शेवाळ आलं की कडक ब्रशने घासून काढायचं. ॲसिड ओतू नका, लगतच्या झाडांची मुळं जळतात.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून बसायच्या जागेपर्यंत ही वाट कोरडी आणि सलग असावी. चप्पल शोधायला लागली, चिखल ओलांडायला लागला, कुंडी सरकवायला लागली की माणूस 'उद्या बसू' म्हणतो. मागच्या दाराशी बागेसाठी वेगळ्या चपला ठेवा. ही बारीक गोष्ट वाटेल, पण बागेचा वापर अशाच गोष्टींवर ठरतो. बसल्यावर चहाचा कप ठेवायला हाताशी सपाट जागा हवी. नाहीतर कप संपेपर्यंतच लोक बसतात, तेही उभ्याउभ्याच.

बसायला काय? लोखंडी बाक कोणाला तरी देऊन टाका, किंवा त्यावर लाकडी पट्ट्या मारून घ्या. सासूबाईंसाठी सतरा-अठरा इंच उंचीची, हात असलेली, ताठ पाठीची लाकडी खुर्ची. खाली बसवलेली आरामखुर्ची दिसायला छान असते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठता येत नाही आणि उठता येणार नाही या भीतीने तो बसतच नाही. बाकीच्यांसाठी कंपाउंडच्या भिंतीलगत दगडी किंवा विटांचा कट्टा. उंची पंधरा-सोळा इंच आणि रुंदी चोवीस इंच, म्हणजे मांडी घालून बसता येतं. बाजारातले तयार बाक सोळा इंच रुंदीचे असतात, त्यावर फक्त पाय सोडून बसता येतं आणि आपली माणसं अर्ध्या तासात पाय वर घेतातच. झोपाळ्याची हौस असेल तर पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळी जागा सोडा आणि कड्यांना वरचेवर ग्रीस लावा. कुरकुरणारा झोपाळा शांततेचा सत्यानाश करतो.

कुंड्यांविषयी माझं मत जरा कडक आहे. सत्तर कुंड्या म्हणजे उन्हाळ्यात रोजचा तासभराचा पाण्याचा रामरगाडा. तुम्ही बाकावर बसलात की समोरच्या कुंडीतलं पिवळं पान दिसतं. ते काढायला उठता, मग शेजारच्या गुलाबावरचा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे दिसतात, मग कात्री आणायला आत जाता, आणि बसणं तिथंच संपतं. मी बागेतल्या झाडांचे सरळ दोन भाग करतो. जी झाडं रोज लक्ष मागतात ती, म्हणजे गुलाब, शेवंती, हंगामी फुलं, भाजीपाला, नळाजवळ एका पट्ट्यात, बसण्याच्या जागेवरून दिसणार नाहीत अशी. आणि नजरेसमोर फक्त आपली आपण राहणारी झाडं, जमिनीत लावलेली. तगर, कुंती, अनंत, सावलीत अबोली. एकेकाची एक न लावता एकाच जातीची पाच-सात एकत्र लावा. शंभर प्रकारांच्या गर्दीत नजर कशावरच ठरत नाही. कुंड्या पंधरा-वीसच ठेवा, बाकीच्या नातेवाइकांना वाटा. तुमच्या घरच्या फुलांची आठवण त्यांच्याकडे राहील आणि तुमचा तास वाचेल. ज्या राहतील त्यांना ठिबक बसवून घ्या.

परसातल्या आणखी तीन गोष्टींची जागा बदला, यांचा विचार बाग करताना कोणी करत नाही. कपडे वाळत घालायची दोरी, भांडी घासायची मोरी आणि एसीचं बाहेरचं युनिट. दोरी बाजूच्या पॅसेजमध्ये न्या. मोरी हलत नसेल तर तिच्यापुढे बांबूची जाळी उभी करून जुई चढवा. एसीची गरम हवा बसण्याकडे येत असेल तर तंत्रज्ञाला बोलावून युनिटचं तोंड फिरवून घ्या किंवा जागा बदला, झाड लावून ती हवा अडत नाही, झाड मात्र करपतं.

रस्त्याच्या आवाजाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. झाडांची एक रांग लावली की आवाज थांबतो असं नर्सरीवाले सांगतात. दोन-तीन फूट जाडीच्या झाडांच्या कुंपणाने आवाज फारसा कमी होत नाही. तो अडवते सलग भिंत, आणि भिंतीच्या जितकं जवळ बसाल तितका फायदा. कुंपणाने एक मात्र होतं: रहदारी दिसेनाशी होते, आणि न दिसणारा आवाज कमी टोचतो. त्याच्या जोडीला पाण्याचा आवाज घ्या. तुमच्याकडे कारंजं आहेच, पण ते पाणी तीन फूट वर फेकतं असं तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून दिसतंय. तो आवाज उघड्या राहिलेल्या नळासारखा येतो, कान त्याला कंटाळतात, आणि वाऱ्याने फरशी ओली होते. त्याची तोटी काढा. पाणी एका सपाट दगडाच्या कडेवरून चार-सहा इंच खाली, पाण्यातच पडू द्या. दगड थोडा पुढे-मागे सरकवला की आवाज बदलतो. कधी नुसता थपथप, कधी खळखळ. संध्याकाळी खुर्चीवर एकाने बसायचं आणि दुसऱ्याने दगड सरकवायचा, कानाला गोड लागेल तिथं पक्का करायचा. पंप पंधरा-वीस वॅटचा पुरतो. तो पूर्ण पाण्यात बुडालेला आणि खाली रबराचा तुकडा ठेवलेला असावा, नाहीतर त्याची घरघर पाण्याच्या आवाजाच्या वर जाते. आणि हे कारंजं मधोमध नको, बसण्यापासून सहा-सात फुटांवर, रस्ता आणि तुम्ही यांच्यामध्ये हवं.

पाणी आलं की डास आले, असं सासूबाई म्हणतील आणि त्यांचं बरोबर आहे. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कारंज्याच्या हौदात गप्पी मासे सोडा. बऱ्याच ठिकाणी हिवताप विभागाकडून ते फुकट मिळतात. कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच टाका. पक्ष्यांचं भांडं, फुलदाणी, कूलर आठवड्यातून एकदा नुसतं ओतून चालणार नाही, आतली बाजू घासायची, कारण डेंगीच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात. एवढं करूनही शेजारच्या गटारातून संध्याकाळी डास येतीलच. त्यावर माझा ठरलेला उपाय म्हणजे मांडवात एक छोटा पंखा, पायांच्या उंचीवर, हळू वेगाने. डासाला वाऱ्यात नीट उडता येत नाही. त्यासाठी पावसापासून सुरक्षित असा एक प्लग पॉइंट आताच काढून घ्या.

सापाची भीती हीसुद्धा न बसण्याची एक खरी गोष्ट असते, फक्त लोक बोलून दाखवत नाहीत. बसायच्या जागेभोवती चार फूट जमीन मोकळी, स्वच्छ दिसणारी ठेवा. विटांचे ढीग, फुटक्या कुंड्या, लाकडं कोपऱ्यात साठवू नका. पक्ष्यांसाठी धान्य सांडलं की उंदीर येतात आणि उंदरांमागून साप.

म्हणूनच पक्ष्यांना मी दाणे घालायला सांगत नाही. दाण्यांवर कबुतरंच जास्त जमतात. दीड-दोन इंच खोलीचं मातीचं पसरट भांडं, रोज ताजं पाणी, शेजारी दडायला एक झुडूप, एवढ्यावर बुलबुल, शिंपी, दयाळ येतात. उन्हाळ्यात पहाटे दयाळाचं गाणं ऐकायला मिळालं तर सकाळचा चहा आपोआप बाहेर होईल. जास्वंद, अबोली असेल तर शिंजीर येतोच. मुलासाठी एक कागदी लिंबू आणि एक कढीपत्ता लावा. त्यावर काळ्या-पांढऱ्या, पक्ष्याची शीट वाटाव्या अशा बारीक अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. त्या मोठ्या होऊन हिरव्या होतात आणि त्यांतून मॉरमॉन जातीची फुलपाखरं निघतात. नशीब असेल तर त्यांत ब्लू मॉरमॉनही दिसेल, २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं. झाड थोडं खाल्लं जाईल, जाऊ द्या.

वासाच्या झाडांत लोक हात सैल सोडतात आणि मोगरा, रातराणी, सोनचाफा, जाई सगळं एकाच कोपऱ्यात लावतात. दोन-तीन वास एकत्र आले की डोकं जड होतं. ऋतू आणि वेळ वाटून द्या. उन्हाळ्याच्या संध्याकाळी मोगरा, कट्ट्याच्या शेजारी, पण त्याला निदान पाच तास ऊन मिळेल अशा बाजूला, नाहीतर नुसती पानंच येतात. जानेवारीच्या सुमारास त्याचं पाणी तोडून ताण द्या, मग छाटणी, शेणखत, आणि पुन्हा पाणी. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत पारिजातक. तो सकाळचा, म्हणून मागच्या दाराजवळ लावा आणि त्याखालची जमीन सारवून किंवा फरशी घालून स्वच्छ ठेवा, म्हणजे पडलेली फुलं देवासाठी वेचता येतात. सासूबाईंना सकाळी बाहेर आणायला याहून चांगलं निमित्त नाही. हिवाळ्यात कुंद. रातराणी हवीच असेल तर बसण्यापासून पंधरा फूट लांब आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली कधीच नको, तिच्या उग्र वासाने काहींचं डोकं दुखतं. कण्हेर आणि बिट्टी या दोन्ही विषारी आहेत, घरात लहान मूल असताना त्या नकोत.

दिव्यांसाठी एकच सांगणं. फ्लडलाइट काढा. पांढऱ्या झगझगीत उजेडावर किडे जमतात आणि बसलेला माणूस मंचावर आल्यासारखा उघडा पडतो. पिवळसर उजेडाचे तीन ते पाच वॅटचे दिवे, गुडघ्याच्या खाली, वाटेच्या कडेला. एक दिवा तामणाच्या बुंध्याशी, वर तोंड केलेला नको, आडवा. तुळशीवृंदावन असेल तर ते बसण्याच्या नजरेच्या टप्प्यात आणा, तिथली सांजवात या सगळ्या दिव्यांपेक्षा सुंदर दिसते.

शेजारच्या पहिल्या मजल्याच्या खिडक्यांचा प्रश्न भिंत वाढवून सुटणार नाही. खुर्चीवर बसा, त्या खिडकीकडे बघा आणि कोणाला तरी लांब काठी धरून उभं करा. काठीचं टोक खिडकी झाकेल त्या जागी आणि त्या उंचीवर वेल किंवा फांदी हवी. ही जागा आपल्याजवळ असेल तितकी उंची कमी लागते, म्हणून मांडवाच्या कडेवरून लोंबणारा वेल कंपाउंडवरच्या दहा फुटी जाळीपेक्षा चांगलं काम करतो.

कामाचा क्रम असा ठेवा. उन्हाळ्यात खुर्ची फिरवून जागा ठरवा, मांडव उभा करा, मे महिन्यात तामणासाठी दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढून आठ-पंधरा दिवस तापू द्या. मग चांगली माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून भरा. लागवड जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दोन चांगले पाऊस झाल्यावर. रोप पाच-सहा फुटांचं, सरळ शेंड्याचं घ्या आणि शेजारी बांबू रोवून सुतळीने सैल बांधा. फरशी, कट्टा, दिवे हे पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये करा, तोवर पाणी कुठे साचतं ते नीट कळलेलं असेल. तामणाला पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा दोन-दोन बादल्या पाणी द्या, बुंध्याशी न ओतता त्यापासून फूटभर अंतरावर आळं करून, आणि आळ्यात वाळलेला पालापाचोळा चार इंच पसरून ठेवा.